कूगरचा कार्ब्युरेटर

रविवार, १५ जानेवारी २००६
दुरुस्ती. गेल्या रविवारी मी लिहिलं की अमेरिकेच्या दुकानदाराने चुकीचं मडगार्ड पाठवलं. त्याने बरोबर पाठवलं. कुठली बाजू, असं त्याने ईमेलवर विचारलं होतं आणि मी लिहिलं, ड्रायव्हरची. आपल्याला उजवं हवंय, आणि इथे, लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये, ड्रायव्हर उजवीकडे बसतो. अमेरिकेत तो डावीकडे बसतो. आमच्या अमेरिकन गाडीत, कूगरमध्येही डावीकडेच बसतो, आणि कूगर मी सहा वर्षांची असल्यापासून आमच्या गॅरेजमध्ये आहे. पण मी कायम बाबांच्या शेजारी, उजवीकडे बसायचे. तिथून बघितलं की गोंधळ होतो.

खोडलेलं नाही. बाबांचा नियम. आम्ही इथे आलो तेव्हा शाळेत जागा मिळेपर्यंत त्यांनीच मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, कारखान्याची रात्रपाळी करून आल्यावर. चुकलं तर खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची. दुसरा नियम: उघडलेलं काम टाकून उठायचं नाही.

त्या दुसऱ्या नियमापायी सगळं अडलंय. बाबा रिटायर झाले. नाशिकचा फ्लॅट तयार आहे. आईच्या गुडघ्यांना इथली थंडी सोसत नाही, डॉक्टरही तेच म्हणाले. पण बाबा म्हणतात, "कूगर मी उघडली. ती पुन्हा जोडून होऊन एकदा चालली की निघू." १९६८ची मर्क्युरी कूगर, सफकमधल्या एका अमेरिकन एअरफोर्सवाल्याकडून घेतलेली. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी इंजिन उघडलं ते उघडंच राहिलं. आता त्यांचे हात कापतात, म्हणून काम माझ्याकडे.

पाडव्याला गाडी रस्त्यावर. ठरलं.

रविवार, ५ फेब्रुवारी
उजवं मडगार्ड आलं. बसवलं. बॉनेटची फट पुढे बारीक, मागे रुंद. हरीशकाका (बाबांचे कारखान्यातले दोस्त, दर रविवारी चहाला) वाकून बघत म्हणाले, "अगं, नवीन होती तेव्हासुद्धा ती एवढी सरळ नसेल." अशा विचारानेच कामं बिघडतात. काढलं. दुसरं मागवलं.

आई चहा घेऊन गॅरेजपर्यंत आली. हल्ली ती जिना बसून उतरते, एकेक पायरी. म्हणते, मजा येते. येत असेल.

रविवार, १२ मार्च
मी ऑफिसात असताना हरीशकाकांनी वॉटर पंप बसवून टाकला. न विचारता. टॉर्क रेंच न लावता, नुसत्या हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळले. मी काल पंप काढून सांध्यातलं गॅस्केट तपासलं. गॅस्केट चांगलं होतं. पण काढताना फाटलं. नवीन मागवलंय.

काका आज म्हणाले, "ईशू, लोक दीड दिवसात गणपती बसवून विसर्जनसुद्धा करतात. तुझा एक पंप बसेना!" बाबा हसले. मीही हसले. काका मनाने चांगले आहेत, पण काटेकोर नाहीत.

गुरुवार, ३० मार्च. पाडवा
गाडी झालेली नाही. कारणं माझ्या हातातली नव्हती (पोस्ट, कस्टम्स, हवामान).

बाबांनी मागच्या अंगणात गुढी उभारली. वाऱ्याने दोनदा आडवी झाली. साखरेची गाठी उतरवून त्यांनी कूगरच्या आरशाला अडकवली आणि म्हणाले, "हिलाही नवीन वर्ष." आई म्हणाली, "अहो, मुंग्या लागतील." तेवढ्यात नाशिकहून मावशीचा फोन आला. कधी येताय? आई म्हणाली, "ईशूचं चाललंय. होईल."

दसऱ्याला नक्की. आता खरं तर फक्त कार्ब्युरेटर राहिलाय.

रविवार, १४ मे
कार्ब्युरेटर काल आला. ओहायोहून, खोक्यात, तीन थर वर्तमानपत्रात गुंडाळून. आई-बाबा देवळात गेले होते. सुंदर आहे. पण अंगावरचा शिक्का पाहता तो १९६९च्या गाडीचा असावा असा संशय आहे. संशय असताना बसवणं प्रामाणिकपणाचं नाही.

तूर्त धूळ बसू नये म्हणून माझ्या कपाटात ठेवलाय, रजयांखाली. घरात बोलले नाही. परत पाठवावा लागला तर त्यांना उगाच आशा लागायला नको.

शनिवार, २२ जुलै
ऊन. आई बागेत चालत गेली आणि मेथीला पाणी घालून आली! म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न थंडीचा आहे, देशाचा नाही. हीटिंग वाढवलं, जिन्याला दुसरा कठडा लावला, तर नाशिकची घाई करण्याचं कारण उरत नाही. बाबांना हे नीट पटवून सांगायचं. कौन्सिलला कठड्याबद्दल फोन करायचा.

रविवार, २३ जुलै
दुरुस्ती. आईने काल सकाळी जास्तीची गोळी घेतली होती. आज ती पलंगावरून उठली नाही. म्हणाली, "तू खिडकीतून बघत होतीस ना, म्हणून गेले."

सोमवार, २ ऑक्टोबर. दसरा
बाबांनी पाने-पक्कड पाटावर मांडून पूजा केली. कापणाऱ्या हातांनी प्रत्येक पान्याला कुंकू. माझ्या टॉर्क रेंचला झेंडूचं फूल. मग विचारलं, "कार्ब्युरेटरचं काय झालं गं?"

मी म्हटलं, येईल.

हे खोटं नाही. माझ्या खोलीतून खाली येईलच की कधीतरी. तरी त्यानंतर पुरणपोळी गेली नाही. दोनच खाल्ल्या.

(शिक्क्याबद्दल अजून कोणाला विचारलेलं नाही. माणूस माहितीचा हवा.)

शनिवार, २१ ऑक्टोबर. दिवाळी
पहिली आंघोळ. आई पाटावर बसली ती उठेना. मी आणि बाबांनी मिळून उचललं. अंगाला तेल, हात निसटत होते, पाणी गार होत चाललेलं. बाबा तिला हसवायला म्हणाले, "इंजिनसुद्धा इतकं जड नव्हतं हो!" ती हसली नाही. टॉवेलमध्ये थरथरत मला म्हणाली, "तुझं गाडीचं काम माझ्यापायी मागे पडतं बघ."

माझं. तिच्यापायी.

आज फराळाचं काही लिहीत नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर
हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे केली. काळोख लवकर पडतो आता.

दुपारी मी दुकानात गेले होते. परत आले तर आईच्या अंगावर माझ्या कपाटातली जाड रजई. वर पळत गेले. उरलेल्या रजया बाबांच्या पद्धतीने घडी घातलेल्या, कड आत. खोका होता तिथेच. त्याचं एक टोक मी नीट मिटवलं नव्हतं, ते मिटवलेलं होतं. वरून एक जुना स्वच्छ टॉवेल घातलेला. धूळ बसू नये म्हणून.

जेवताना बाबा एवढंच म्हणाले, की दोघांची तिकिटं काढतोय, २६ नोव्हेंबर, रविवार. मी म्हटलं, पण गाडी? म्हणाले, "राहू दे उघडी."

मी म्हटलं, बाबा, तुमचाच नियम आहे.

ते वरणात लिंबू पिळत होते. बराच वेळ पिळलं. मग म्हणाले, "नियम चुकला माझा. तू खोडू नकोस. खाली दुरुस्ती लिही."

रविवार, ५ नोव्हेंबर
बाहेर फटाके. इथल्या लोकांचे, दर पाच नोव्हेंबरचे.

दुरुस्ती, १४ मेच्या नोंदीची. शिक्का तपासला. कार्ब्युरेटर १९६८चाच आहे. त्या दिवशीही वाचता येत होता.

आईच्या दोन बॅगा भरून झाल्या. स्वेटर एकही घेतला नाही तिने, सगळे माझ्या कपाटात लावून ठेवले. संध्याकाळी बाबा गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले, डावीकडे, स्टिअरिंगवर हात ठेवून. स्टिअरिंगवर ठेवले की हात कापत नाहीत. मी उजवीकडे बसले. पाडव्याची गाठी अजून आरशाला होती, पिवळी पडलेली. बाबा म्हणाले, "एकदा आवाज ऐकला असता तर बरं झालं असतं." रागाने नाही. हवामानाबद्दल बोलावं तसं.

कार्ब्युरेटर बसवायला एक दुपार पुरते. गॅस्केट आहे. पेट्रोल आहे. हरीशकाका म्हणाले, "कधीही हाक मार, मी टॉर्क रेंचला हातही लावणार नाही."

येत्या शनिवारी जमलं असतं. पण मग तयार गाडी पंधरा दिवस घरात उभी राहील, आणि रोज येता-जाता सगळ्यांना दिसेल की आता काहीच राहिलेलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारचंही तेच. विमान रविवारी सकाळचं आहे. आदल्या दिवशी बसवला तरी बाबांना आवाज ऐकू येईलच.

या वेळी पक्कं. शनिवार, २५ नोव्हेंबर २००६.