आमची मते सध्या हातकणंगल्यास आहेत

कोल्हापूर, गुरुवार, ता. ९ ऑगस्ट १९१७

मेहेरबान हुसेनभाई यांस,

कुतुबुद्दीनचा सलाम पोहोचावा. रोशनभाभींचे गुडघे पावसाने जास्त धरले नसतील आणि तुमचा खोकला रात्रपाळीच्या गाडीबरोबर निघून गेला असेल अशी उमेद करतो. माझी तब्येत उत्तम आहे. गेल्या शुक्रवारी मला वेड लागले होते, पण ते दुपारी लागले आणि दिवेलागणीच्या आत उतरले, तरी काळजी करू नये. (तुम्ही हातकणंगल्याच्या स्टेशनात मालाच्या पावत्या फाडता, त्यामुळे ही बातमी एखाद्या गुळाच्या ढेपेबरोबर तुमच्याकडे आधीच पोहोचली असेल. खरी हकीकत पुढे येते.)

तुमचे पत्र सोमवारी मिळाले. ईदेला आलेल्या मलिकाला आता कायमची तुमच्याकडेच ठेवून घ्यावी, आई नसलेल्या पोरीला बाईमाणसाची सावली पाहिजे, भाभींच्या हाताखाली ती शिवण आणि स्वयंपाक शिकेल, शाळा तिथेही आहे, आणि एकटा पुरुष नऊ वर्षांच्या मुलीचे काय बघणार, असे तुम्ही लिहिले आहे. प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचले. एकातही चूक सापडली नाही. तेव्हा माझी संमती आहे. तिचे राहिलेले कपडे आणि पाटी मागाहून पाठवतो. हा विषय इथे संपला. आता इकडची हकीकत लिहितो, कारण लढाईमुळे कागद महाग झाला आहे आणि एवढा कोरा सोडणे जिवावर येते.

मी बोलका नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर कचेरीत नकला उतरवतो. मजकूर साहेबांचा, कागद दरबारचा, माझे फक्त अक्षर. तरी कचेरीत माझा एक लौकिक होता, आणि तो मी तुम्हाला कधी सांगितला नाही, कारण तो माझा नव्हता. आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एक वर्तमानपत्र येते, ते फिरत फिरत संध्याकाळी माझ्याकडे पोहोचते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माझी सवय अशी, की चुलीजवळच्या उंबऱ्यात बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मोठ्याने वाचायचे. तुमची बहीण भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच एखादे वाक्य टाकायची. फातिमाला वाचता येत नव्हते, म्हणून छापलेल्या गोष्टीचा तिला धाकही नव्हता. लढाई सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, त्या जर्मनीच्या बादशहाला घरात जेवायला कोणी वेळेवर हाक मारत नसेल. दुसऱ्या दिवशी आमचे हेडकारकून नृसिंहराव यांनी विचारले, काय कुतुबुद्दीन, लढाईविषयी तुम्हाला काय वाटते? मला काहीच वाटत नव्हते, म्हणून मी तेच वाक्य म्हणालो. नृसिंहराव पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले, आणि त्याच संध्याकाळी एका वकिलाच्या बैठकीत त्यांनी ते स्वतःचे म्हणून सांगितले. तेव्हापासून दुपारच्या पानाच्या वेळी चार माणसे माझ्या मेजाभोवती उभी राहू लागली. कुतुबुद्दीन बोलतो कमी, पण बोलला की ऐकावे, असा बोलबाला झाला. (फातिमाला मी हे एकदा सांगितले. ती म्हणाली, मग पगार वाढवून मागा. हे मत मात्र मी कचेरीत नेले नाही.)

ती गेली त्याला आता चौदा महिने झाले. मी गप्प झालो. लोक म्हणाले, दुःखात आहे, कोणी काही विचारू नका. दुःख होतेच, हुसेनभाई. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही. जगात काय चालले आहे याविषयी मला एकही मत उरले नव्हते. वर्तमानपत्र मात्र मी रोज त्याच उंबऱ्यात बसून मोठ्यानेच वाचत होतो, कारण मनातल्या मनात कसे वाचतात ते मी विसरलो होतो. ऐकायला चूल होती. असे दोन-अडीच महिने गेल्यावर एक दिवस मी साखरेच्या टंचाईची बातमी वाचत होतो, व्यापारी म्हणतात माल संपला, सरकार म्हणते माल आहे, खरे काय ते समजत नाही. तेव्हा ताट घासत बसलेली मलिका मागे न वळता म्हणाली, "मुंग्यांना विचारा की अब्बा. त्यांना समजतं."

आवाज तिचा होता, पण ताट आपटण्याची पद्धत आईची होती. मी थोडा वेळ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत, दहा आठवड्यांचा उपास सोडावा तसा, मी मुंग्यांचे मत सांगितले. मेजाभोवती आमचे जमादार हंबीरराव उभे होते. (हे पूर्वी तालमीत होते. आता कचेरीच्या दारात असतात, पण दार त्यांच्यामागे दिसत नाही.) ते तडक गुंडू वाण्याच्या दुकानात गेले आणि भिंतीला नाक लावून मुंग्यांच्या मागोमाग चालत सुटले. कडब्याच्या गंजीमागे साखरेची दोन पोती निघाली. नृसिंहरावांनी मला मिठी मारली. गल्लीत सगळ्यांना साखर मिळाली, मला सोडून. गुंडू मला अजून साखर देत नाही आणि वर विचारतो, "कसं काय पावणं, मुंग्या खुशाल हायत न्हवं?" तेव्हापासून आमच्या घरी चहा गुळाचा असतो. मलिका म्हणते, सत्य बोलणाऱ्याला एवढे सोसावेच लागते.

तर असे आमचे चालले होते. तुम्ही स्वयंपाकाचा उल्लेख केला आहे म्हणून सांगतो, भाकरी मी करतो. गोल होत नाही. वर्तमानपत्रात लढाईचा नकाशा येतो, तो मलिकाने चुलीमागे चिकटवला आहे, आणि रोज तव्यावरची भाकरी बघून ती कोणत्या मुलुखासारखी झाली ते ती सांगते. बेल्जम वारंवार होतो. इटली एकदाच झाली, ती आम्ही खाल्ली नाही, शेजारच्या अंबूबाईला दाखवायला नेली. शिवणाचे म्हणाल तर माझ्या अंगरख्याची गुंडी मलिकाने लावून दिली आहे. ती अंगरख्याला आणि आतल्या सदऱ्याला मिळून एकच लागली, पण पक्की आहे. माझ्या तपकिरीच्या डबीचा ताबाही तिच्याकडे असतो. सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक, आणि संध्याकाळची वर्तमानपत्र पुरे वाचल्यावर. जाताना ती डबी माझ्या हातात देऊन, दोन म्हणजे दोनच, असे बजावून गेली. दोन दिवस मी पाळले. तिसऱ्या दिवशी मोजणे सोडले, आणि चौथ्या दिवशी एका इनामाच्या सनदेच्या स्वच्छ नकलेवर असा शिंकलो की तीन गावे एकमेकांत मिसळली. सबंध नक्कल पुन्हा लिहावी लागली.

पण खरी अडचण मतांची झाली. मलिका गाडीत बसली त्या दिवशीचे मत माझ्याजवळ शिल्लक होते, ते मी जपून तीन दिवस वापरले. मग संपले. कचेरीत मी डोके दुखते म्हणून वेळ मारून नेली. घरी अंबूबाईला वर्तमानपत्र वाचून दाखवले. ती म्हैस धूत होती. अमेरिका लढाईत उतरली आहे हे तिला सविस्तर सांगितल्यावर ती म्हणाली, "उतरंना का! शेपटी जरा धरा हिकडं." हे मत नृसिंहरावांना कसे सांगावे ते मला समजेना.

आणि शुक्रवारी नेमके गडहिंग्लजेकडचे एक मोठे कारभारी त्र्यंबकराव कचेरीत आले. नृसिंहरावांनी त्यांना खुर्ची दिली, पान दिले, आणि आता आमची खास चीज ऐका, असे म्हणून मला हाक मारली. लढाई का लागली आणि कधी थांबेल, सांगा कुतुबुद्दीन! सगळे जमले. हंबीरराव दार सोडून आत आले. माझ्याजवळ काही नव्हते. तेव्हा, हुसेनभाई, एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मी माझे स्वतःचे मत सांगितले. मी म्हणालो, या राजांनी एकमेकांना जी पत्रे लिहिली त्यांच्या नकला घाईत झाल्या असाव्यात. समास सोडला नसेल. समास सोडला असता तर वाचणाऱ्याला थांबून विचार करायला जागा मिळाली असती. आता सगळ्यांनी कागद घेऊन, डाव्या बाजूला तीन बोटे जागा सोडून, जुने तह पुन्हा सावकाश उतरवावेत. उतरवता उतरवता राग जातो, हा माझा अनुभव आहे.

कोणी हसले नाही. त्र्यंबकरावांचे पान तोंडात तसेच राहिले. मग हंबीररावांनी पुढे होऊन आपला पंजा माझ्या कपाळावर ठेवला, म्हणजे डोळ्यांवरही आला, आणि त्या अंधारात मला त्यांचा आवाज ऐकू आला, "ताप न्हाय. पर ह्यो मानूस असं कवा बोलत न्हाय. डोस्क्यावर परिनाम झालाय ह्येंच्या!" नृसिंहरावांनी हळू आवाजात मला रजा दिली. मी म्हणत होतो की मी बरा आहे, पण मी जितके म्हणे तितके ते एकमेकांकडे बघत. हंबीररावांनी मला दंडाला धरून भर रस्त्यातून घरी आणले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "बायकू गेल्याचं आता वर आलंय बगा. चौदा म्हैनं आत दाबून ठेवलं हुतं."

तासाभरात घर भरले. अंबूबाई दारातूनच ओरडली, "व्हय ओ कुतुबभाई, याड लागलंय म्हंत्यात तुमास्नी! मग भाकरी कोन करनार?" आणि आपल्याच घरून भाकरी घेऊन आली. तिने कपाळाला जोतिबाचा गुलाल लावला, तेवढ्यात गल्लीतले इमामचाचा दुवा फुंकून दम केलेले पाणी घेऊन आले, ते मी प्यायलो, थोडे कपाळावरून ओघळले, आणि माझा चेहरा कसा दिसत होता हे मला आरशाने नंतर सांगितले. हंबीरराव धारोष्ण दुधाचा तांब्या घेऊन समोर बसले. तांब्या रिकामा होईपर्यंत ते उठणार नव्हते आणि तो लहान नव्हता. मग तिथे वर्तमानपत्र पडलेले पाहून इमामचाचा म्हणाले, वाच बाबा, तेवढेच मन रमेल. मी उंबऱ्यात बसून वाचू लागलो. पहिल्याच बातमीवर अंबूबाई बोलली, तिच्यावर हंबीरराव बोलले, इमामचाचांनी दोघांनाही चूक ठरवले, आणि पाणबुडी बुडते मुद्दाम की चुकून यावरून एवढे भांडण झाले की रस्त्यावरची माणसे आत आली. मला हसू फुटले. ते थांबेना. सगळे एकदम गप्प झाले, हे वेडाचे की शहाणपणाचे ते बघायला. मग हंबीररावच म्हणाले, "हसला. आता बरं झालं." आणि खरेच, हुसेनभाई, मला बरे वाटले. फातिमा गेल्यापासून त्या घरात कोणी मोठ्याने भांडले नव्हते.

सोमवारपासून मी कामावर जात आहे. त्र्यंबकरावांनी मात्र नृसिंहरावांना निरोप धाडला आहे, की समासाचे ते बोलणे त्यांच्या डोक्यातून जात नाही, वेडा माणूस आणखी काय म्हणतो ते कळवावे. कागद आता संपत आला. भाभींना सलाम, मुलांना दुवा.

तुमचा,
कुतुबुद्दीन

ता.क. १. सोबत वर्तमानपत्राचे तीन अंक पाठवत आहे. तुम्हाला सवड होईल तेव्हा मलिकाला मोठ्याने वाचून दाखवावेत आणि ती काय म्हणते ते शब्दशः उतरवून टपालाने पाठवावे. तुमच्याकडून काही सुधारू नये. कचेरीत लोक थांबले आहेत.

ता.क. २. वरचा मजकूर पुन्हा वाचून पाहिला. अंक वाचून दाखवू नयेत. सुरुवातीला मी जी संमती दिली ती तुमचे पत्र समोर ठेवून लिहिली होती, त्यामुळे ती मी लिहिली नसून उतरवली आहे असे दिसते. माझे स्वतःचे मत असे, की मलिका रविवारच्या गाडीने घरी यावी. हे माझे आयुष्यातले दुसरे मत. पहिल्याचे काय झाले ते तुम्ही वाचलेच. तरी यावर कायम आहे. भाभींना वाईट वाटेल, त्यांची माया मला समजते, म्हणून दर ईदेला आणि दर सुट्टीला मी तिला स्वतः आणून सोडीन.

ता.क. ३. पाकीट बंद करताना लक्षात आले, की एवढी पत्रे झाली पण तिने कुठे राहावे हे तुम्ही, भाभींनी आणि मी ठरवले. तिला कोणी विचारलेच नाही. तर विचारावे. जे म्हणेल ते मला मान्य आहे, शपथ घेऊन लिहितो. फक्त विचारण्याआधी तिला एवढी एक बातमी सांगावी, की अंबूबाईची म्हैस मंगळवारी व्याली, रेडकू कपाळावर पांढरे आहे, आणि त्याचे नाव ठेवायला सगळी गल्ली मलिकासाठी थांबली आहे.