जाड तार

३ फेब्रुवारी १९३७, बुधवार
मोटार पुन्हा मेली. दिवे नाहीत, हॉर्न नाही, इंजिन ढिम्म. मेन फ्यूज उडाला, पंधरवड्यात तिसऱ्यांदा. आणि रविवारी नंदाला बघायला इंदुरीचे दत्तोबा येणार, मुलाला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन. आधीची तीन स्थळं हुकली. पोरगी फार बोलते. यावेळी पाहुण्यांना लोणावळा स्टेशनवरून मोटारीतूनच आणायचं. पोरीत जे कमी आहे ते मोटार भरून काढील.

कुरवंड्याचा बहिरू म्हणाला, आबा, मी बैलं जुपतो की, लय येळ न्हाई लागत. हाकलला त्याला. स्थळ येतंय, गवताच्या पेंढ्या नाहीत.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
उपाय सापडला. फ्यूज उडतो कारण त्यातली तार केसाएवढी. असली नाजूक वस्तू मोटारीत घालणाऱ्या साहेबाच्या अकलेची कीव येते. तांब्याची चांगली जाड तार घातली. एका हँडलात इंजिन सुरू.

नंदा म्हणाली, बाबा, फ्यूज जळावा म्हणूनच असतो, नाहीतर मोटार जळेल. आधी वायर कुठे घासतेय ते बघा, मोटारीच्या पुस्तकात लिहिलंय. मला शिकवते. रेल्वेत तीस वर्षं हेडक्लार्क होतो मी. सांगितलं, चार बुकं वाचलीस म्हणूनच घरात पडून आहेस. रडलीसुद्धा नाही. कोडगी.

७ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
पाहुणे मोटारीत खूश. बाजारातून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. दारात पोचतो तो पुढून धूर, मग जाळ. दत्तोबा आणि मुलगा उतरले. मी त्यांच्याआधी उतरलो, मदत आणायला. म्हातारी आत राहिली. नंदा घरातून धावत आली, म्हातारीला ओढून काढलं आणि सीटखालच्या बॅटरीची वायर हातानेच उपटली. तळहात भाजला. मी बजावलं, पदर सावर, पाहुणे बघताहेत.

दत्तोबा चहा न घेता गेले, बहिरूच्या बैलगाडीतून. पोरीच्या आगाऊपणापायी हेही स्थळ गेलं.

१४ फेब्रुवारी, रविवार
दत्तोबांचं पत्र. मुलगी पसंत. म्हटलं नव्हतं मी? मोटारीचा प्रभाव पडतोच. लग्न इंदुरीला, त्यांच्याच दारात. शेवटी लिहिलंय, आपण येण्याची तसदी घेऊ नये. माझ्या तब्येतीची केवढी काळजी.

नंदाला म्हटलं, तरी मी येणारच, कन्यादान कोण करणार?

म्हणाली, मामा. ती शेवटची ओळ मीच त्यांना पत्र धाडून घालायला सांगितली.