पाठ फिरवून पाहिलेला डाव

प्रिय दगडू,

उशीर झाला, माफ कर. जगज्जेतेपदाची लढत संपली, फटाक्यांचा कचराही झाडून झाला आणि मी आता लिहायला बसलोय. अमळनेरात कोणी तरी बुद्धिबळ खेळणारा भेटेल म्हणून थांबलो होतो. नाही भेटला! सगळे नुसते बघणारे.

आणि तूही कमाल केलीस. लढत निम्म्यावर असताना कोणी मरतं का? पट मांडलेला, चहा ओतलेला, आणि तू चाललास!

माझं तुला ठाऊकच आहे. लढतीत आपल्या भारताच्या पोराच्या घड्याळात वेळ कमी उरला की मला पटाकडे बघवत नाही. मग मी तुझ्या ओट्याच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभा. तू आतून ओरडायचास, "ये मझार रे भित्र्या, वजीर वाचना!" आणि मी आत आलो की पटावर बोट ठेवून दाखवायचास, कसा वाचला ते. त्या बोटासाठीच तर मी लढती बघायचो.

शेवटच्या डावाला तुझ्या विलासनं मोठा टीव्ही लावला. घर भरलं. पण पटाकडे एकाचं लक्ष असेल तर शपथ! सगळ्यांचे डोळे बाजूच्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर. कोण पुढे ते यंत्र सांगणार, पट्टी वरखाली होणार, आणि हे शहाणे माना डोलावणार. तुझ्या खुर्चीत बसलेल्या विलासला घोडा कसा चालतो एवढं येतं. का चालला, ते विचारू नये.

मी पायरीवर गेलो. हाक कोण मारणार? आरडाओरडा झाला तेव्हा वळलो.

"काका, जिंकलो!" विलास नाचत होता.

"कसं रे?"

"समोरच्यानं चूक केली ना!"

"कोणती?"

"अहो, पट्टी एकदम वर गेली!"

"गाढवा, पट्टी खेळत होती का?"

"तुम्ही तर पाठ फिरवून उभे होते काका. तुम्ही काय बघितलं?"

सगळे हसले. मेला खरं बोलला, हेच जास्त झोंबलं.

तुझा पट मी मागितला, तर म्हणे, "न्या, पडूनच आहे." किती ही किंमत बापाच्या पटाची! घरी पेपरातल्या चाली मांडल्या. समोरच्यानं शेवटी आपला घोडा मारून घोड्याला घोडा दिला, तिथे मी अडकलोय. दिला नसता तर बरोबरी होती, असं मला वाटतं. म्हणजे आपल्या पोरानं डाव जिंकला, की त्यानं फुकट दिला? विलास म्हणतो, काय फरक पडतो! अरे, मग नाचलास कशाला?

सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, माझ्या वाटण्याचा काय भरवसा?

शब्द देतो, पुढच्या लढतीला पायरीवर जाणार नाही. घाम फुटला तरी पटासमोर बसेन. पण हा डाव तसाच मांडून ठेवलाय. समोरच्यानं घोडा अजून मारलेला नाही. मारावा की नाही? लवकर कळव रे.

तुझा भित्रा,
नथू