राणीची सावली कोणी चोरली

ठाणाकुशनूर, ता. औराद
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय विजयाअक्का,

मंजूचा नमस्कार. पत्रातून पाया पडते आहे. समोर असते तर तुम्ही पाय मागे घेतले असते, इथे तुमचा इलाज नाही.

दाजी बरे असतील. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील. इकडे पाऊस पाठ सोडत नाही. सोयाबीन काढायला आलंय आणि तुमचे भाऊ सकाळपासून आभाळाला शिव्या घालतात. काळी म्हैस व्यायली, रेडी झाली. दसरा नीट पार पडला. आत्याबाई बऱ्या आहेत. आईची म्हणून काळजी करू नका, त्यांचं पुढे लिहितेच.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही म्हणता, "तानाजीला दे." पत्र त्यांना देता येत नाही. नाव तुमचं घातलंय, वाचावं तुम्हालाच लागेल.

आधी एक गोड भांडण करते. लग्नानंतर या घरात मला कादंबऱ्यांची लागलेली चटक तुमची देणगी आहे. माहेरी आलात की तुमच्या पिशवीत पुण्याचा चिवडा कमी आणि पुस्तकं जास्त. भुताखेतांची नाही, नव्या राज्यांची, जादूची, खुनांची. शेवटच्या पानापर्यंत जीव टांगून ठेवणारी. गेल्या दिवाळीला तुम्ही 'विहिरीखालचं राज्य'चा पहिला भाग माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "स्वयंपाक करताना वाचू नकोस, भाकरी जळतील." मग माघात मामंजी गेले. पुस्तक फडताळात तसंच राहिलं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवसापासून आत्याबाई बोलायच्या बंद झाल्या. बीदरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, डोकं पाहिलं, कुठे काही दोष नाही म्हणाले. उन्हाळ्यात तुम्ही आलात, त्यांच्यापुढे बसून रडलात, आणि निघताना अंगणात सगळ्यांसमोर मला म्हणालात की माझ्या आईची वाचा तुझ्या घरात गेली, दिवाळीला येते आणि तिला कायमची पुण्याला नेते. खोटं तरी कसं म्हणू हो मी? त्या खरंच बोलत नव्हत्या.

तर आता पुस्तकाचं ऐका.

श्रावणात दरवर्षी आपल्या ओसरीवर बायकांची पोथी बसते. तुम्ही लहानपणापासून पाहिलंय, कोणीतरी वाचायचं आणि अर्थ सांगायचा तो आत्याबाईंनी, मराठीत आणि कन्नडात दोन्ही. भिंतीला भिंत लावून राहणारी आपली जगदेवी, तिच्या घरात कन्नडच, पोथीतलं मराठी तिला निम्मं कळतं. ती आत्याबाईंच्या तोंडाकडे बघूनच पोथी ऐकायची. यंदा तुम्ही बजावून गेला होतात, आईला कसलाही त्रास द्यायचा नाही. म्हणून पोथी पुढच्या गल्लीतल्या मल्लव्वाच्या घरी गेली. आपली ओसरी रिकामी.

एका दुपारी जगदेवी आणि मी मुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. जगदेवीच्याने गप्प बसवेना. "कायतरी वाच की गं," म्हणाली. मी फडताळातून तुमचं पुस्तक काढलं. तिने आधी हात धुतले, मुखपृष्ठाला हळदकुंकू लावलं, वर जास्वंद ठेवली. मी म्हटलं, अगं ही कादंबरी आहे. तर म्हणाली, "असू दे. ओसरीवर बसून वाचायलीस म्हणजे पोथीच की." झालं! एकदा पोथी म्हटल्यावर पोथीचे सगळे नियम आले. अध्याय मध्येच सोडायचा नाही. पुढची पानं उलटून शेवट बघायचा नाही. आणि अर्थ सांगायचा. अर्थ कोण सांगणार, तर मी! माझं कन्नड कसं आहे ते तुम्ही जाणताच, बाजारात टमाटे घेण्यापुरतं.

पण काय पुस्तक आहे अक्का! विहिरीच्या तळाशी नगर, तिथे सारा भरायचा तो आपल्या सावलीतला हातभर तुकडा कापून. पहिल्याच अध्यायात भर दुपारी, भर दरबारात राणीची सावली चोरीला जाते आणि राणी दिवसेंदिवस पुसट होत जाते. तिसऱ्या दिवशी ओसरीवर सात-आठ बायका होत्या. शेंगांचे ढीग लागले, हात थांबायचे आणि तोंडं उघडी राहायची. सगळ्यांचा संशय कारभाऱ्यावर. सावल्या मोजणारा तो, कात्री त्याच्या कमरेला, नजर तिरकी. माझाही त्याच्यावरच. मी आपलं माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडात ठासून सांगितलं, चोर कारभारीच.

आत्याबाई उंबऱ्याच्या आत, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. नेहमीसारख्याच.

"कारभारी न्हाई."

अक्का, मी शपथेवर सांगते, कोणाला कळलंच नाही कोण बोललं ते. जगदेवी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "कामून न्हाई?" आणि मग तिच्या लक्षात आलं, तिच्या मांडीवरचं सूप खाली पडलं.

आत्याबाई अजून पाठमोऱ्याच. आवाज गंजलेला, पण शब्द स्वच्छ. आधी कन्नडात आणि मग माझ्यासाठी मराठीत, अगदी पोथीचा अर्थ सांगावा तसं. "भर दुपारी सावली कुटं असतीय गं? लांब पडतीय का? पायाखाली असतीय. कात्री घेऊन लांबून कोन कापंल? जो पायाशी वाकला त्यानं नेली. त्या येळी राणीच्या पाया कोन पडलं, ते बघा."

मी पानं मागे उलटली. एक ओळ होती, एकच. राणीचा लाडका भाचा लढाईवर जाण्यापूर्वी येतो, पाया पडतो, आशीर्वाद घेतो. आपल्याकडे माणूस दिवसातून दहा वेळा कोणाच्या ना कोणाच्या पाया पडतो. अशा ओळीवर कोणाची नजर थांबणार! माझी तर तिथून घसरत गेली होती.

हे श्रावणात घडलं, आणि आता दसराही झाला. इतके दिवस तुम्हाला कळवलं का नाही, हा प्रश्न आता तुमच्या ओठावर आहे. तेच लिहायला इतकी पानं फिरते आहे मी.

त्याच संध्याकाळी तुमचे भाऊ आले. मी पळत जाऊन सांगितलं, आत्याबाई बोलल्या! "काय बोलली?" मी सांगितलं, राणीची सावली कारभाऱ्याने नाही, भाच्याने चोरली. त्यांचा चेहरा उतरला. सहा महिने गप्प बसलेली आई बोलली ती हे? त्यांना वाटलं, आता डोक्यावरही परिणाम झाला. गावातही तेच झालं. म्हातारी बरळायलीय, म्हणे. मल्लव्वा तर अंगारा घेऊन आली. हे म्हणाले, विजयाला फोन करतो, दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं, आताच येऊन घेऊन जाऊ दे.

तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला आणि सांगितलं, "इजूला आत्ता काय सांगू नकोस. दुसरा भाग येऊ दे. मी चुकले तर येडी म्हनून खुशाल पाठव."

पहिला भाग तर ऐन वेळी तोंडावर दार लावून संपतो. लेखकाने भाचा लढाईवर मेल्याचं लिहून टाकलंय! जगदेवीने आणलेला समाप्तीचा नारळ परत नेला, अर्धवट पोथीवर फोडत नाहीत म्हणून. आत्याबाई मात्र ठाम. "प्रेत कुनी बघितलं का? मंग?"

अक्का, तुम्ही आणि मी पुस्तकांची वाट पुष्कळ पाहिली आहे. पण दुसऱ्या भागाची मी जशी वाट पाहिली तशी देवाचीही पाहिली नसेल. उदगीरच्या दुकानदाराला रोज फोन. शेवटी तो म्हणायला लागला, "बाई, आला की मीच करतो, तुम्ही नका करू." घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आला. हे स्वतः मोटारसायकलवर जाऊन घेऊन आले, भिजू नये म्हणून खताच्या पिशवीत गुंडाळून.

नवरात्रात पारायण बसवलं. ओसरी भरली. पोरी आल्या, म्हाताऱ्या आल्या, सोयाबीन पावसाने अडलेलं म्हणून पुरुषही अंगणात ताडपत्रीखाली उभे. मी वाचायची, आत्याबाई अर्थ सांगायच्या. निम्मे लोक पुस्तकासाठी आले होते आणि निम्मे म्हातारी चुकते का ते बघायला. एकदा मी स्वयंपाकघरात एकटी असताना शेवटची पानं बोटाशी आली होती. बघावं वाटलं. त्या चुकल्या तर काय करायचं, निदान आधी कळेल. पण पोथीचा नियम. पुस्तक मिटलं आणि भाकरी थापायला बसले.

तुम्ही दुसरा भाग वाचला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा. नाहीतर नका सोडू. रागवा माझ्यावर, तसंही रागावलेल्याच आहात.

खंडेनवमीच्या दुपारी तो अध्याय आला. पुसट झालेली राणी तळघराचं दार उघडते आणि आत मेलेला भाचा बसलेला, अंगावर तिची सावली शालीसारखी पांघरून. आणि तो म्हणतो की आशीर्वाद घ्यायला वाकलो होतो तेव्हाच उचलली. पुढचं अक्षर दिसेना. शेजारून आत्याबाई म्हणाल्या, "वाच. मधी थांबू न्हाई." मी वाचलं. त्यांनी अर्थ सांगितला, जराही घाई न करता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. आणि मग जगदेवी जी ओरडली! अंगणातल्या बाप्यांनी टाळ्या पिटल्या, मल्लव्वा पाया पडायला पुढे झाली तर आत्याबाईंनी पाय आखडून घेतले, "नगं बाई, सावली न्हेशील," आणि ओसरी हसून हसून लोळली. तुमचे भाऊ खांबाला धरून रडत होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघून पदर सारखा केला.

"मंग? मी काय येडी हाय का?"

नारळ फुटला अक्का. त्या भागाची गोष्ट तरी पुरी झाली होती.

रात्री जेवताना मी विचारलं, आत्याबाई, इतके दिवस का हो बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, "कुनी काय इचारलंच न्हाई. जेवलीस का, गोळी घेटलीस का, निजतीस का. त्याला मान हलवली तरी भागतंय. तुजा मामंजी भांडत व्हता माज्यासंगं, हे खरं का ते खरं म्हनून. तो गेला आन् समद्यांनी मला कापसात गुंडाळून ठिवलं." तुम्ही कापूस मायेनेच गुंडाळलात, मीही. हे त्यांना कळतं. मलाही कळावं म्हणून सांगितलं असावं.

आता तिसरा भाग. दिवाळीला पुण्यात येणार असं दुकानदार सांगतो, इकडे यायला महिना लागेल. इथे आत्तापासून दोन तट पडलेत. जगदेवी म्हणते राणीला सावली परत मिळणार. आत्याबाई म्हणतात, उसवलेली सावली जोडली तर टाका दिसतोच, लेखक हुशार असेल तर राणी नवी सावली वाढवील. हे तर शेतातून येऊन विचारतात, "आला का गं?" या घरात माणसं पुस्तकाची वाट बघतील असं आठ महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

एवढं सगळं लिहिलं आणि जे लिहायचं ते अजून राहिलंच आहे.

काल मी त्यांना विचारलं, अक्का दिवाळीला न्यायला येणार, जाणार का? मी पाठ करूनच विचारलं, तवा घासत होते. मला तोंड दाखवायचं नव्हतं. माझी आई मी शाळेत असताना गेली, हे तुम्हाला माहीत आहे. या घरात आले तेव्हापासून मला आई आहे. त्यांना नेऊ नका अक्का. मी सेवा करते, माझा हक्क आहे, असलं काही म्हणत नाही. मला त्या हव्या आहेत, एवढंच.

पण माझं राहू द्या. त्यांनी तुम्हाला लिही म्हणून जे सांगितलं, तेच लिहिते, शब्द न बदलता:

"इजूला म्हनावं, मी म्हातारी झाले, मुकी न्हाई. न्यायला येऊ नगंस. तिसरा भाग घेऊन ये, आन् सोता वाचायला बस. अर्थ मी सांगते. कारभारी न्हाई म्हनले तवा तू समोर न्हवतीस, लई वाईट वाटलं बग."

हुमनाबादला उतरा, हे गाडी घेऊन येतील. दिवाळीला ओसरीवर वाचायची जागा तुमची. माझी नाही, तुमची. मी तुमच्याजवळ बसून शेंगा फोडीन.

भांडून झाल्यावरही तुमचीच,
मंजुश्री