नकाशाबाहेरची चौकी

४ फेब्रुवारी

मैत्रीकराराचं वाचन आजपासून माझ्याकडे! पद्धत अशी – एकीने आपली प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने मित्रदेशाच्या प्रतीवर बोट फिरवायचं. शेवटी दोघींच्या सह्या. त्याशिवाय कागद वर जात नाही. जोडीला बाई आहेत. बावीस वर्षं हेच काम. म्हणाल्या, अर्थ लावत बसू नकोस, वेळ जातो.

मला अर्थ लागतोच. ‘एकावरचा हल्ला तो दोघांवरचा हल्ला.’ अंगावर काटा आला. दादा सरहद्दीवर आहे, नदीपलीकडच्या चौकीत. आता तो एकटा नाही.

६ फेब्रुवारी

करारासोबतचा नकाशा आला. संरक्षणाची लाल रेघ नदीच्या अलीकडून जाते. दादाची चौकी, आसपासची तीन गावं – सगळं बाहेर!

बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, नकाशा आपल्या कामात येत नाही.

७ फेब्रुवारी

कुठंतरी पाणी मुरतंय. हा मित्रदेशाचाच डाव. आज गळ्यात गळे घालायचे आणि वेळ आली की काठावरून मजा बघायची. त्यांचा तो हसरा वकील जिन्यात माझ्यासाठी दार धरून उभा राहतो. इतकं गोड कशाला वागावं माणसाने?

घरी बोलायची सोय नाही. बाबा शेजाऱ्यांना सांगत सुटलेत, आमची पोरगी तह लिहिते. लिहिते कुठली!

१० फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"रेघ त्यांनी नाही ओढली, पोरी. आपण ओढली."

मग शाळकरी मुलीला समजवावं तसं समजावलं. त्या पट्ट्यात वर्षाला दोन-तीन चकमकी ठरलेल्या. प्रत्येक वेळी युद्धात उतरावं लागणार असेल तर मित्र सहीच करायचा नाही. म्हणून आपणच पट्टा वगळला.

"आणि तिथली माणसं?"

"बाकीचा अख्खा देश निर्धास्त झोपेल, त्याचं काय?"

मी उठले.

निघताना त्यांनी विचारलं, भाऊ कुठल्या चौकीत? मी सांगून बसले. त्यांनी टिपून घेतलं. कशासाठी? दादाला माझ्यामुळे त्रास झाला तर?

११ फेब्रुवारी

सही करणार नाही. ठरलं. बाईंना तसं सांगूनही टाकलं.

१३ फेब्रुवारी

बाई आज जेवायला दुसऱ्या टेबलावर बसल्या. म्हणाल्या, इथे वारा लागतो. खिडकी बंद होती.

१५ फेब्रुवारी

सकाळी दादाचा फोन. राजधानीत बदली झाली, काल चौकी सोडली. त्याचं त्यालाच नवल. आई फोन सोडेना.

त्याच्या जागी कोण गेलं, ते दादा बोलला नाही. मी विचारलं नाही. दुपारी सही केली.