चंपतरावांचे स्वागत आणि तलावावरची पाखरे

नागपूर, पौष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप मामांना महादेवचा शिरसाष्टांग नमस्कार. थंडीत तुमचा संधिवात कसा आहे? माझे गुडघे तलावाच्या चिखलात गेले, ते अजून माझे झालेले नाहीत. बाकी सारे जिवंत.

कचेरीने मला बदके मोजायला नेमले, हे कानावर आलेच असेल (मामी हसल्या असतील, हसू द्या). बुटीबोरीपलीकडच्या एका गावचा तलाव फोडून शेते काढायचा घाट होता. पण थोरल्या साहेबांना पाखरांचा नाद. हिवाळी पाखरे भरपूर उतरत असतील तर तलाव राखू, म्हणाले. गावच्या ढिवरांची मासळी आणि शिंगाडा त्याच पाण्यावर, म्हणून मी जीव तोडून मोजले. विसाचा घोळका झाला की एक चिंचोका कोटाच्या खिशात. खिसा उसवला तरी चक्रवाक संपेनात. रंभाबाई ढिवरीण (नवरा गेल्यापासून एकटीच डोंगा हाकते) काठावरून विचारायची, "बाबूजी, पाखरं तं दरसाल येतेत. तुम्ही काहून मोजून राहिले?" तुमचे पाणी वाचावे म्हणून, असे सांगितले तर इतकी हसली की घोळका उडाला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आकडा पाहून साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतःच निघाले. गावचे मालगुजार चंपतराव मला म्हणाले, "साहेब येऊन राहिले अन् त्यायले असंच मुकाट्यानं येऊ द्याचं? गावाची इज्जत हाय, बाबूजी." मोटार बांधावर थांबते न थांबते तोच ढोल, सनई आणि उखळी बार! पहिल्याच बाराला अख्खा तलाव आभाळात गेला. माझ्याही गळ्यात झेंडूचा हार पडला, आणि सांगायला लाज वाटते, तो घेताना मी मान वाकवली होती. साहेबांनी दुर्बीण लावली. पाण्यावर एक टिबुकली उरली होती, तिनेही बुडी मारली. साहेब चहा न घेता गेले. पाठोपाठ बांध फोडण्याचा हुकूम आला. पाखरे त्याच संध्याकाळी परतली होती, पण ती पाहायला मी एकटा. मामा, फार वाईट वाटते. चंपतरावांच्या भोळेपणाला हसावे की रडावे, कळत नाही.

ता. क. भोळेपणा हा शब्द खोडून वाचावा. काल तलावाच्या तळाची जमीन मोजली. सगळी चंपतरावांकडेच जाते आहे. मोजणीदार आले तेव्हा ना ढोल, ना सनई.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचे कारण राहूनच गेले. तुमच्या भंडाऱ्याकडच्या तलावात रंभाबाईला शिंगाडा लावायला एखादा कोपरा मिळेल का? डोंगा विकायला ती तयार नाही, बैलगाडीवर घालून आणते म्हणते. तिकडे पाखरे उतरतात का, एवढे विचारायला तिने सांगितले आहे. उतरत असली तर तसे लिहा. किती, ते मात्र कोणालाही कळवू नका.