हरिश्चंद्रची डबी

१२ जानेवारी
क्रोन्स या आतड्याच्या रोगावरच्या नव्या औषधाच्या अभ्यासात मला घेतलं. आतड्याची सूज उतरली नाही तर ते कापणार, म्हणून हा शेवटचा उपाय. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. कोणाला कुठली ते म्हणे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. मग शिकलात काय, म्हणून टेबल उलथलं. नर्स नम्रता म्हणाली, ताण टाळा. संकल्प : आजपासून राग बंद. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, मला शिस्त कोण शिकवणार?

२ फेब्रुवारी
दुखणं थांबलं. रक्त थांबलं. मनोनिग्रहाचा विजय. भाट्याला समुद्रकाठच्या पुळणीवर पळतोही. गोळीचा काही संबंध नाही. चव नाही, मळमळ नाही, नुसता खडू.
अभ्यासातलाच हरिश्चंद्र, कोर्टातला कारकून, रोज ओकतो. वाळून काटकी झालाय. म्हणजे औषध जबर. खरी गोळी त्यालाच. बत्ता फेकला तो टीव्हीत गेला. टीव्ही तिथे कशाला ठेवलास, असं बायकोला, हेमाला, विचारलं. तिने काचा गोळा केल्या.

१६ फेब्रुवारी
ग्रामदेवतेच्या मूर्तीला दोन बाजूंना पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली तर माझी गोळी खरी, डावी तर खोटी. उजवी पडली. पुन्हा लावला. उजवीच. केरू गुरवाची मानगूट धरली, नीट विचार म्हटलं. तो म्हणाला, राजाभाऊ, देव काय तुमच्या शाळेतला पोरगा हाय काय? त्याच्या कानाखाली वाजवली. त्या झटापटीत डावी पडली. कौल मिळाला.

२० फेब्रुवारी, सकाळी
हरिश्चंद्रला मांडवीच्या जेटीवर गाठायचं. शांतपणे समजावून सांगायचं.

दुपारी
समजावलं. त्याचे दोन दात गेले, माझी करंगळी मोडली. गोळ्यांच्या डब्या बदलू, असं आधी गोड बोललो होतो. तो म्हणाला, नको हो, नियमात बसत नाही. मग स्कूटरवरून ओढला, जेटीच्या कठड्यावर आपटला, बरगडीत गुडघा घातला. दोन कोळणींनी मला टोपल्यांनी बडवलं, तरी त्याची डबी सोडली नाही. माझी त्याच्या खिशात कोंबली. याला चोरी म्हणत नाहीत.

८ मार्च
पोटात सुरी फिरतेय. पुन्हा रक्त. औषध लागू पडतंय. नम्रता फोनवर म्हणते ताबडतोब या. पोलीसही तेच म्हणतात. हेमा दार वाजवत होती, आतून खुर्ची मारली.

१९ मार्च, हॉस्पिटल
आतडं आवळून बंद झालं. डॉक्टरांनी वरच्या ऑफिसातून माझ्या गोळीचा गुप्त कोड उघडून घेतला. माझी मूळची गोळी खरी होती.
हरिश्चंद्र भेटायला आला. गाल भरलेत. माझी डबी त्याने गुपचूप संपवली. पोलिसातली तक्रारही मागे घेतली. म्हणाला, तुम्ही मारलंत म्हणून वाचलो हो, राजाभाऊ. उठून त्याचा गळा धरणार होतो. कूससुद्धा बदलता आली नाही.
उद्या कापणार. हेमाने विचारलं, भीती वाटते का. हो म्हटलं. ती म्हणाली, मला इतकी वर्षं वाटते.